शनिवारचा पाठ : रांगतं थाइम आपल्या बागेत चालेल का?



गेल्या पंधरा दिवसांत एकाच जाहिरातीचा व्हिडिओ मला आपल्यातल्या सात-आठ जणांनी पाठवला. जमिनीवर जांभळ्या फुलांचा गालिचा अंथरलेला, त्यावरून कोणीतरी अनवाणी चालतंय आणि खाली लिहिलंय, 'एकदा लावा, तण विसरा.' नाव क्रीपिंग थाइम. आपल्या एका काकांनी तर तीन एकर डाळिंबासाठी बी मागवायचं ठरवलं होतं. पैसे पाठवायच्या आधी त्यांनी फोन केला हे बरं झालं. म्हणाले, "मॅडम, निंदणीच्या मजुरीनं कंबर मोडलीय. हे टाकलं तर सुटका होईल का?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आजचा पाठ यावरच. थोडा लांब आहे, संध्याकाळी निवांत वाचा.

उत्तर आधीच सांगते. *बागेत तण आवरायला थाइम लावू नका. कुंडीत किंवा परसात हौसेनं लावायचं असेल तर जरूर लावा.* असं का, ते आता क्रमानं बघू.

*१) हे झाड आहे तरी काय?*

थाइम हे तुळशीच्या कुळातलं झुडूप. पुदिना, सब्जा हेही त्याच कुळातले. थाइमच्या बऱ्याच जाती आहेत. व्हिडिओतलं रांगतं थाइम म्हणजे थायमस सर्पायलम. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली त्याला हे नाव दिलं. उंची जेमतेम दोन ते दहा सेंटीमीटर, म्हणजे फार तर चार बोटं. काड्या बारीक पण लाकडासारख्या. त्या जमिनीलगत सरपटतात आणि पेरांना मुळं फुटत जातात. पान तांदळाच्या दाण्याएवढं. उन्हाळ्यात गुलाबी-जांभळी फुलं येतात आणि त्यावर मधमाश्या तुटून पडतात.

हॉटेलात पिझ्झावर किंवा सूपमध्ये घालतात ते थाइम वेगळं. ते थायमस व्हल्गॅरिस, उभं वाढणारं, वीतभर उंचीचं. दोघांचं कूळ एक, वास जवळचा, पण काम वेगळं. रोपं घेताना ही गल्लत हमखास होते.

वासाचं म्हणाल तर पान चोळून बघितल्यावर तुम्ही लगेच म्हणाल, "अरे, हा तर ओवा!" ते बरोबरच आहे. पानावर बारीक तेलाच्या ग्रंथी असतात आणि त्या तेलात थायमॉल नावाचं द्रव्य असतं. तेच द्रव्य आपल्या ओव्याच्या तेलात भरपूर असतं. दुकानात ओव्याचं फूल म्हणून जे पांढरे खडे मिळतात, ते थायमॉलच. ओवा हा कोथिंबिरीच्या कुळातला आणि थाइम तुळशीच्या, तरी वास एकच. निसर्गात असं होतं.

*२) ते राहतं कुठे?*

कुठल्याही नव्या पिकाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा. भाव काय, हा दुसरा.

रांगत्या थाइमचं घर म्हणजे युरोपचा थंड भाग. तिथली रेताड माळरानं, चुनखडीचे उतार, खडकांच्या फटी. जमीन हलकी, पाणी पडलं की निथळून जाणारी, खत जवळपास नाही. उन्हाळा आपल्या हिवाळ्यासारखा आणि हिवाळ्यात बर्फ.

आपल्या देशातही थाइम आहे. हिमालयात, काश्मीरपासून हिमाचल, उत्तराखंडपर्यंत, साधारण दीड हजार मीटरच्या वर उघड्या दगडी उतारांवर थायमस लिनिअरिस ही त्याची बहीण वाढते. तिकडचे लोक तिला बन अजवाइन म्हणतात, म्हणजे रानातला ओवा. चहात टाकतात, भाजीला घालतात. नाव देणाऱ्यांनी वास बरोबर ओळखला.

आता कोणी म्हणेल, मग महाबळेश्वरला जमेल, तेही उंचावर आहे. पण नुसत्या उंचीनं भागत नाही. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, महिनोन्महिने धुकं असतं. थाइमला थंडी चालते, बर्फही चालतं. ओले पाय चालत नाहीत.

*३) इंग्लंडमधली एक गोष्ट*

'तण विसरा' या दाव्याचं उत्तर या गोष्टीत आहे, म्हणून सांगते.

इंग्लंडच्या दक्षिण भागात चुनखडीच्या उतारांवर रानथाइम वाढतं. त्याच्या फुलांवर एक मोठं निळं फुलपाखरू अंडी घालतं. अळी थोडे दिवस थाइमचं फूल खाते, मग जमिनीवर पडते. एका जातीच्या लाल मुंग्या तिला आपलं पिल्लू समजून वारुळात नेतात आणि ती आत बसून मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. म्हणजे फुलपाखराला थाइमही पाहिजे आणि त्या मुंग्याही पाहिजेत.

फुलपाखरं कमी होऊ लागली तेव्हा लोकांना वाटलं, माणसं पकडून नेतात. म्हणून काही ठिकाणी कुंपण घातलं. त्यामुळे गुरंमेंढ्यांची चराई थांबली आणि झालं उलटंच. पुढे १९५० च्या दशकात एका साथीनं तिथले ससे मोठ्या प्रमाणावर मेले. चरणारं कोणी उरलं नाही. गवत गुडघ्याला आलं, जमिनीवर सावली पडून ती गार झाली. ऊबदार जमीन लागणाऱ्या त्या मुंग्या गेल्या, थाइमही गवताखाली दबलं. १९७९ साली ते फुलपाखरू इंग्लंडमधून नाहीसं झालं. नंतर अभ्यासातून कारण कळलं, चराई पुन्हा सुरू केली आणि १९८० च्या दशकात स्वीडनहून फुलपाखरं आणून सोडली, तेव्हा ती परत स्थिरावली.

यात आपल्या कामाचं काय? *थाइम गवताला दाबत नाही. गवत थाइमला दाबतं.* थाइमचा गालिचा दिसतो तिथे दोनपैकी एक गोष्ट असते. एकतर जमीन इतकी गरीब की गवतच वाढत नाही, नाहीतर मेंढ्या, ससे किंवा माळ्याचे हात रोज गवत आवरत असतात. व्हिडिओत गालिचा दिसतो, ते हात दिसत नाहीत.

आता आपली बाग डोळ्यापुढे आणा. शेणखत घातलेलं, ठिबकनं ओल धरलेली, काळी कसदार माती. यात हराळी आणि लव्हाळा किती जोमानं येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. लव्हाळ्याचा कोंब प्लास्टिकचा मल्चिंग पेपर फोडून वर येतो. चार बोटांचं थाइम त्याला काय अडवणार? आणि एकदा थाइममध्ये हराळी घुसली की खुरपं चालत नाही, तणनाशक मारलं तर थाइमही जातं. एकेक काडी बोटांनी उपटत बसायची. म्हणजे निंदणी वाचायच्या ऐवजी वाढली.

*४) मी लावून बघितलं होतं*

हे सगळं पुस्तकातलं नाही. डिप्लोमा झाल्यावर पहिल्या वर्षी मलाही या झाडाची हौस आली होती. नोव्हेंबरात सहा रोपं आणली. तीन घरामागच्या काळ्या मातीत लावली, तीन मुरूम-वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत. थंडीभर सगळी छान. काळ्या मातीतली तर जास्त हिरवीगार, मला वाटलं जिंकले. मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन्हीकडची मलूल झाली पण तगली. मग पाऊस आला. जुलैच्या झडीत काळ्या मातीतल्या रोपांचा मधला भाग आधी तपकिरी झाला, मग काळा पडून कुजला. हात लावला तर काडी मुळासकट हातात आली. कुंड्या मी पडवीत घेतल्या होत्या, त्यातली दोन वाचली.

त्या रोपांना माझे दोन-तीनशे रुपये गेले आणि शिकायला मिळालं. तुमच्या बागेत हाच धडा लाखांत पडेल. तो हिशेब आता बघू.

*५) हिशेब मांडा*

गालिचा व्हायचा तर रोपं वीत-वीतभर अंतरावर लागतात. २५ सेंटीमीटर बाय २५ सेंटीमीटर धरलं तर एका चौरस मीटरला १६ रोपं. एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. म्हणजे एकरी *६४,००० रोपं.* समजा रोप दहा रुपयांना मिळालं, तरी एकरी *६ लाख ४० हजार रुपये.*

कोणी म्हणेल, पूर्ण एकर कशाला, फक्त झाडांच्या ओळीत लावू. डाळिंबाच्या दोन ओळींत साडेचार मीटर अंतर धरा. एकरात ओळींची लांबी भरते साधारण ८९० मीटर. एक मीटर रुंदीचा पट्टा घेतला तरी १४,००० च्या वर रोपं, म्हणजे *एक लाख चाळीस हजार.* लावणीची मजुरी वेगळी, पहिलं वर्षभर हातानं तण काढणं वेगळं. आणि थंड देशातही तीन-चार वर्षांत थाइम मधून लाकडी, विरळ होतं, पुन्हा भरावं लागतं.

"मग बी टाकू, बी स्वस्त आहे." बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये हजारो दाणे. ते मातीत गाडायचं नसतं, वरच भुरभुरायचं असतं. उगवायला दोन ते चार आठवडे, तेही १५ ते २० अंश तापमानात, आणि तोवर वरची माती सतत दमट पाहिजे. ट्रेमध्ये, सावलीत हे जमतं. उघड्या शेतात फेकून दिलं तर मुंग्या नेतील, वारा नेईल, आणि त्याआधी तण उगवेल.

*६) फसवी जाहिरात कशी ओळखायची?*

▪️ फुलांचा रंग बघा. थाइमची फुलं गुलाबी, जांभळी किंवा पांढरी असतात. गडद निळी, पिवळी किंवा एकाच पाकिटात सप्तरंगी दाखवली असतील तर ते खोटं.

▪️ डोंगरच्या डोंगर गुलाबी दिसणारे फोटो पुष्कळदा थाइमचे नसतातच. जपानमध्ये शिबाझाकुरा नावाचं फुलझाड आहे, ते फ्लॉक्स कुळातलं. होक्काइदोमधल्या ताकिनोउए गावाची बाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. तसल्या बागांचे फोटो थाइम म्हणून खपवले जातात.

▪️ पाकिटावर काय छापलंय ते बघा. पिकाचं आणि जातीचं नाव, लॉट नंबर, उगवण टक्केवारी, चाचणीची तारीख, विक्रेत्याचं नाव-पत्ता. यातलं काही नसेल तर बियाणं घेऊ नका, मग ते कसलंही असो.

▪️ पक्की पावती मागा. पावती नाही तर व्यवहार नाही.

▪️ विचारा, "आपल्या तालुक्यात दोन पावसाळे काढलेली बाग दाखवा." खरा माणूस पत्ता देईल. खोटा माणूस 'आजच ऑफर संपणार' म्हणेल.

पैसे गेले असतील तर लाजू नका, लपवू नका. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करा, जितका लवकर तितकं चांगलं. खराब माल किंवा पैसे परत न मिळाल्याची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते.

*७) हौस असेल तर असं लावा*

झाड वाईट नाही. जागा चुकू नये, एवढंच. दाराशी एक कुंडी असली तर येता-जाता हात लागून वास येतो, चहात टाकता येतं, मधमाश्या येतात.

▪️ *कधी:* ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर. पावसाळ्यात अजिबात नको.

▪️ *कुंडी:* मातीची, उथळ आणि पसरट, खाली मोठी छिद्रं.

▪️ *माती:* एक भाग साधी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा. कंपोस्ट मूठभर पुरे. शेणखत भरभरून घालाल तर वाढ लुसलुशीत होईल, वास कमी आणि कूज जास्त.

▪️ *ऊन:* रोज किमान पाच-सहा तास. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्या.

▪️ *पाणी:* वरची बोटभर माती सुकल्यावरच. बशीत पाणी साचू देऊ नका.

▪️ *छाटणी:* फुलं झाली की वरचा तिसरा हिस्सा कात्रीनं कापा. पानं नसलेल्या जुन्या लाकडात कापू नका, तिथून फुटवा येत नाही.

▪️ *पावसाळा:* जूनला कुंडी पडवीत. ऊन मिळेल, पाऊस लागणार नाही अशा जागी.

▪️ *नवी रोपं:* मुळं फुटलेली काडी वेगळी करून लावा. दुसऱ्यांदा विकत घ्यायची गरज नाही.

थाइम विकून पैसे करायचा विचार असेल तर हॉटेलांना लागतं ते उभं थाइम. तेही आधी घेणारा ठरवा, मग लावा. रोपं लावून गिऱ्हाईक शोधणं म्हणजे बाजारात तुरी.

*८) मग बागेतल्या तणाचं काय?*

काकांचा खरा प्रश्न हाच होता. जमीन झाकलेली असावी, हा विचार शंभर टक्के बरोबर आहे. उघडी जमीन तापते, ओल उडते, तण उगवतं. फक्त झाकायचं ते आपल्या मातीत टिकणाऱ्या वस्तूनं.

▪️ *ओळीत, झाडाखाली:* उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा, गव्हाचं काड, जे जवळ असेल ते. चार बोटं जाड थर द्या. खोडापासून एक-दीड फूट जागा मोकळी ठेवा. खोडाला ओल चिकटून राहिली की बुरशी आणि किडीला आयतं घर मिळतं.

▪️ *दोन ओळींच्या मध्ये:* पाऊस सुरू झाला की ताग पेरा. ४०-४५ दिवसांत, फुलं यायच्या बेताला कापा आणि तिथेच किंवा झाडाखाली अंथरा. तण दबतं, नत्र मिळतं, आच्छादनही होतं. चवळीही चालते, पण *बागेत सूत्रकृमीचा त्रास असेल तर चवळी नको.* चवळीच्या मुळांवर सूत्रकृमी वाढतात. तिथे ताग किंवा झेंडूच घ्या.

▪️ *ओव्याच्या वासाचं झाड हवंच असेल तर:* आपला पानओवा आहे की! ज्याच्या पानांची भजी करतो तोच. थायमॉल आणि त्याचाच भाऊ कार्वाक्रॉल याच्या पानातही असतो. कांडी लावली की लागते, शेजारणीकडून फुकट मिळते. दीड फुटापर्यंत वाढतो, थोडी सावली चालते. हाही पाणथळ जागेत कुजतो, म्हणून बांधाच्या उतारावर किंवा परसात लावा. यावरून चालता येणार नाही, पण भजी होतील.

▪️ *मधमाश्यांसाठी:* बांधावर तुळस लावा. थाइमच्याच कुळातली आहे आणि मंजिरीवर दिवसभर माश्या असतात. डाळिंबाच्या फुलोऱ्यात त्यांची गरज पडतेच. फुलोऱ्यात फवारणी करायची वेळ आली तर संध्याकाळी करा.

*या आठवड्याचा घरचा अभ्यास*

बागेत जिथे तण सगळ्यात जास्त आहे तिथे एक फूट खोल खड्डा घ्या. पाण्यानं भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनीही उभं असेल तर तिथे निचरा कमी आहे. खड्ड्याचा फोटो आणि वेळ गटावर टाका. कोणाच्या बागेत काय झाकण बसेल ते आपण फोटो बघून ठरवू.

काकांनी बी मागवलं नाही. त्या पैशातून तागाचं बियाणं घेतलंय आणि पाचटाची गाडी शेजारच्या ऊसवाल्याकडे सांगून ठेवलीय. परवा त्यांनी मला विचारलं, "मॅडम, त्या वाचलेल्या दोन कुंड्यांतली एक काडी आमच्या घरी मिळेल का? सुनेला वास आवडतो."

मिळेल. नोव्हेंबरात कार्यालयात या. काड्या वाढवून ठेवते, ज्यांना हव्यात त्यांनी गटावर नाव लिहा. एका घरी एकच.

शंका असेल तर सकाळी दहा ते पाच या वेळेत फोन करा. नवीन कुठलीही जाहिरात आली की *पैसे पाठवायच्या आधी* मला पाठवा. मी उत्तर देईपर्यंत ऑफर संपली तर संपू द्या.

आपली,
कृषी मार्गदर्शक, कंपनी कार्यालय